तासास तास की तासास भाव?

गेल्या महिन्यात पुण्यातील एका गृहनिर्माण संस्थेच्या सभेस आम्ही हजर होतो. पाण्याची टाकी आणि वाहनांची जागा हे दोन सनातन विषय त्या दिवशी पुढे आले नाहीत, एवढ्यानेही ती सभा आमच्या स्मरणात राहिली असती. परंतु तीत जो ठराव मांडला गेला आणि ज्या सहजपणे त्यावर टाळ्या पडल्या, त्यामुळे ती स्मरणात राहिली, आणि म्हणूनच हा लेख लिहिणे आम्हांस भाग पडले.

हकीकत अशी. संस्थेतील निम्म्याहून अधिक बिऱ्हाडांत आता साठीपलीकडची दोनच माणसे राहतात. मुले कोणाची अमेरिकेत, कोणाची जर्मनीत, कोणाची बंगळुरास. पैशाची ददात बहुतेकांस नाही; माणसांची आहे. कोणास डोळ्यांच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी सोबत हवी, कोणास मोबाइलवरून विजेचे बिल भरून देणारे कोणी हवे, कोणाची पत्नी वर्षभर अंथरुणास खिळलेली, आणि तिच्याजवळ आठवड्यातून दोन तास कोणी बसले तर त्या गृहस्थास मोकळ्या हवेत पाय टाकता येईल. तेव्हा समयपेढी काढावी अशी सूचना एका तरुण सभासदाने मांडली. तिची रीत सोपी आहे. एकाने दुसऱ्याचे तासभर काम करावे, त्याच्या खात्यावर एक तास जमा व्हावा, आणि गरज लागेल तेव्हा त्याने तो तास तिसऱ्याच कोणाकडून वसूल करावा. मध्ये पैसा येत नाही. ही कल्पना सर्वांस पसंत पडली. इतक्यात मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले एक गृहस्थ उठले आणि त्यांनी एक दरपत्रक वाचून दाखविले. वैद्यक, वकिली, हिशेबतपासणी आणि इंजिनियरी यांचा एक तास म्हणजे तीन तास धरावे. शिकवणी, शिवणकाम, संगणकाची दुरुस्ती यांचा एक म्हणजे दोन. आणि सोबत करणे, भाजी आणणे, स्वयंपाक करणे, आजाऱ्याजवळ बसणे यांचा एक म्हणजे एकच. सभेने टाळ्या वाजविल्या. मागच्या रांगेतून एका वृद्ध बाईंनी, “माझा चाळीस वर्षांचा स्वयंपाक कोणत्या वर्गात बसतो?” असे विचारले. त्यावर सगळे हसले, आणि चहा आला.

हे सर्व दुष्टपणाने झाले असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. दुष्टपणास उत्तर देण्याचे मार्ग निराळे असतात. पण दरपत्रक मांडणारे गृहस्थ सज्जन आहेत आणि टाळ्या वाजविणारेही. वाद त्यांच्या हेतूशी नसून ज्या समजुतीस ते न्याय म्हणतात तिच्याशी आहे.

प्रथम त्यांचा पक्ष त्यांच्याच बाजूने नीट मांडू. ते म्हणतात की डॉक्टर दहा-बारा वर्षे शिकतो. त्याच्या एका तासामागे त्या सर्व वर्षांची पुंजी उभी असते. भाजी आणणाऱ्याच्या तासामागे पिशवीखेरीज काही नसते. दोघांस एकाच मापाने मोजणे म्हणजे सोने आणि कोळसा एकाच तराजूत घालून एकाच भावाने विकणे होय. शिवाय असे केल्यास गुणी माणूस पेढीकडे फिरकणारच नाही, आणि मग पेढीत उरतील ते सगळे भाजी आणणारे. हा पक्ष वरवरचा नाही. जगात अनेक शहाण्या माणसांनी तो मांडला आहे, आणि अमेरिकेतील इथाका या गावी १९९१ मध्ये पॉल ग्लोव्हर यांनी तासांच्या नावाने ज्या स्थानिक नोटा काढल्या, त्यांच्या व्यवहारात व्यावसायिकांस आपल्या एका तासाबद्दल अनेक तास घेण्याची मुभा होतीही. पण त्या नोटेची किंमत दहा डॉलर ठरविलेली होती. म्हणजे ते गावापुरते नाणे होते; त्यावर तासाचे नाव छापलेले होते इतकेच. आमच्या मित्रांस नाणे काढावयाचे असल्यास त्यांनी तसे सरळ म्हणावे.

आता हे तीन तास कोठून यावयाचे ते पाहू. वकीलसाहेबांनी एक तास खर्चून कोणाचे मृत्युपत्र तपासून दिले आणि त्यांच्या खात्यावर तीन तास जमा झाले. ते तास आकाशातून पडत नाहीत. दुसऱ्या कोणीतरी आपल्या आयुष्यातील तीन तास उठून त्यांच्यासाठी खर्च करावे लागतात. कोणी त्यांच्या वडिलांजवळ तीन तास बसेल, तेव्हा वकीलसाहेबांचा एक तास फिटेल; आणि त्या बसणाऱ्या बाईस आपले मृत्युपत्र करून घ्यावयाचे असेल, तर तिने आधी तीन तास कोणाच्या तरी उशाशी काढले पाहिजेत. बाजारात हेच रोज घडते हे आम्हांस ठाऊक आहे. पण तेथे ते नाण्याच्या आड घडते. आपण पाचशे रुपये देतो आणि पाचशे रुपये घेतो. त्या नोटेत कोणाचा किती दिवस गुंडाळलेला आहे ते दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणूनच आपणांस रात्री झोप लागते. समयपेढीच्या वहीत हा पडदा नसतो. एकाच्या एका तासास दुसऱ्याचे तीन, असे तेथे उघड अक्षरांत लिहावे लागते. ज्यास हे लिहिताना हात अडखळत नाही त्याने दरपत्रक खुशाल लावावे. पण मग ‘आपण सारे शेजारी’ हे वाक्य पेढीच्या उद्देशपत्रिकेतून आधी काढून टाकावे.

शिक्षणाच्या पुंजीबद्दल बोलावयाचे, तर त्या वर्षांचा मोबदला बाजार देतो आणि देतच राहणार आहे. कोणीही डॉक्टरांस दवाखाना बंद करून समयपेढीत बसा असे म्हणत नाही. दिवसभर जी विद्या भावाने विकली तिच्याचबद्दल संध्याकाळी शेजाऱ्याच्या ओसरीवरही भाव मागणे हे एकाच ठेवीवर दोनदा व्याज घेण्यासारखे आहे. शिवाय त्या पुंजीत सरकारी महाविद्यालयाचा, म्हणजे पर्यायाने भाजी आणणाऱ्याच्या कराचा, वाटा किती आणि घरी आयते ताट वाढणाऱ्या आईच्या तासांचा किती, हा हिशेब काढावयाचा म्हटले तर दरपत्रकास पुरवणी जोडावी लागेल.

आणखी एक गोष्ट त्या सभेतच दिसून आली. ठरावापूर्वी प्रत्येक बिऱ्हाडाकडून काय मदत हवी याच्या चिठ्ठ्या मागविल्या होत्या. त्या आम्ही नंतर चाळल्या. कायद्याचा सल्ला हवा अशा चिठ्ठ्या बोटांवर मोजण्याइतक्या. बहुतेक सर्वांस हवे होते ते सोबत, संभाषण, उशाशी बसणे, औषधाची आठवण देणे. म्हणजे ज्या कामांस सर्वांत अधिक मागणी त्यांस सर्वांत कमी दर! मागणी-पुरवठ्याचा सिद्धान्त उठताबसता सांगणाऱ्या मंडळींनी हे पत्रक केले आहे, हे विशेष. बाजाराचा नियम तरी त्यांनी प्रामाणिकपणे लावावयाचा होता. वस्तुतः त्यांनी लावला तो प्रतिष्ठेचा नियम, आणि बाजाराचे नाव केवळ त्याच्या अंगावर शालीसारखे पांघरले.

लंडनच्या लुइशम भागात रशी ग्रीन येथील समयपेढी १९९९ मध्ये निघाली ती एका दवाखान्यात. तेथील डॉक्टरांकडे येणाऱ्या कित्येकांचे दुखणे औषधाने हटण्यासारखे नव्हते. ते एकटेपणाचे होते. त्यांच्यासाठी जे माणूस सोबतीस गेले त्याचा तास डॉक्टरच्या तासाहून हलका कसा म्हणावयाचा, हे दरपत्रकवाल्यांनी सांगावे. ज्या गोष्टीने रोगी सुधारला ती गोष्ट तेथे डॉक्टरपाशी नव्हतीच.

इतिहासाचा दाखला दिल्याशिवाय आपल्याकडे वाद पुरा होत नाही. त्या सभेतही एका अभ्यासू गृहस्थांनी रॉबर्ट ओवेनचे नाव घेतले. ओवेनने सप्टेंबर १८३२ मध्ये लंडनच्या ग्रेज इन रोडवर श्रमविनिमयाची पेढी उघडली. कारागिराने माल आणावा, त्यात घातलेल्या तासांची नोट घ्यावी, आणि त्या नोटेवर दुसऱ्याचा माल न्यावा. ती १८३४ मध्ये बंद पडली. ‘पाहा, सर्वांचे तास समान धरले की काय होते!’ असा निष्कर्ष गृहस्थांनी काढला. दाखला खरा, पण निष्कर्ष उफराटा. ओवेनच्या पेढीत तास समान नव्हतेच. मालाची किंमत प्रचलित भावाने व प्रचलित मजुरीच्या दरांनी ठरवावयाची आणि तीस तासाच्या सहा पेन्सांनी भागून ‘तास’ काढावयाचे, अशी तेथील रीत होती. त्यामुळे अधिक मजुरीच्या कारागिराचा एक तास नोटेवर आपोआप अधिक होई. म्हणजे जी पेढी बुडाली ती दरपत्रकाची! पण हा विजय आम्ही फार ताणू इच्छीत नाही, कारण तिच्या बुडण्याचे मुख्य कारण वेगळेच आहे. बाहेरच्या बाजारात जो माल महाग तो दुकानदार नोटा मिळवून पेढीतून उचलून नेत, आणि ज्यास बाहेर गिऱ्हाईक नाही तो फडताळावर पडून राही. यातून एक खरा धडा निघतो, आणि तो आम्हांस मान्य आहे. जी वस्तू पेढीतून उचलून बाजारात पुन्हा विकता येते, तिच्या बाबतीत तासाचे माप टिकत नाही. जोडे, कापड, टेबल यांस ते लावू नये. पण म्हाताऱ्या शेजाऱ्यास वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचा तास कोणी उचलून मंडईत नेऊन विकू शकत नाही. तो जेथे दिला तेथेच संपतो. तासास तास ही रीत टिकावयाची असेल तर ती अशाच कामांत टिकेल.

ओवेनच्याही आधी, १८२७ मध्ये, जोसाया वॉरेन नावाच्या अमेरिकनाने सिनसिनाटी येथे ‘वेळेचे दुकान’ थाटले होते. हा गृहस्थ ओवेनच्याच न्यू हार्मनी वसाहतीत राहून, तिची दैना पाहून बाहेर पडलेला. मालाची जी किंमत पडली असेल ती गिऱ्हाइकाने रोख द्यावी. मात्र दुकानदाराचा जो वेळ गेला तो भिंतीवरील घड्याळात पाहून वेळेनेच फेडावा. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकास तेथे घासाघिशीचीच किंमत पडे. आमच्या मंडईत असे एखादे घड्याळ लावावे असे आम्हांस अनेकदा वाटले आहे. तीन वर्षे चालवून १८३० मध्ये वॉरेनने ते दुकान आपण होऊन बंद केले. पण पुढे त्याने जो सिद्धान्त मांडला तो दरपत्रकवाल्यांनी जरूर वाचावा. कामाची किंमत त्याच्या कष्टावर ठरावी, असे तो म्हणे. जे काम अधिक नकोसे, अधिक शीण आणणारे, त्याचा दर अधिक. या न्यायाने न्यायाधीशापेक्षा गटार उपसणाऱ्यास अधिक मिळाले पाहिजे. कारण न्यायाधीशास आपले काम आवडते, गटार उपसणाऱ्यास ते आवडण्याचे कारण नाही. जपानातील वृद्धसेवेच्या काही संस्थांनी तासांत भेद केला तो याच अंगाने: रुग्णास न्हाऊमाखू घालण्यासारखी अंगावरची कामे आणि अवेळीची कामे यांस साध्या घरकामापेक्षा अधिक वजन. पदवी पाहून त्यांनी वजन वाढविले नाही.

तेव्हा आमचे म्हणणे असे की दर लावावयाचेच तर ते उलटे लावा. अंथरुणास खिळलेल्या माणसाची चादर बदलणे तीन, मृत्युपत्र तपासणे एक. त्या सभेत ही सूचना मांडली असती तर किती टाळ्या पडल्या असत्या याचा अंदाज वाचकांनी करावा. आणि ज्यांस ती सूचना विचित्र वाटते त्यांनी आपल्या मनास विचारावे की मूळ दरपत्रक मग स्वाभाविक का वाटले? दोन्हींत विषमताच आहे. पहिली आपल्या फायद्याची आहे, आणि परिचयाची आहे, एवढाच फरक.

समान तासाची कल्पना ज्यांचा वेळ स्वस्त होता अशांनी मत्सराने काढली, असाही एक गोड गैरसमज आहे. अमेरिकेत ती रूढ करणारे एडगर कान हे स्वतः वकील आणि कायद्याचे अध्यापक होते. गरिबांस सरकारी खर्चाने वकील मिळावा या चळवळीत त्यांचा आणि त्यांच्या पत्नी जीन कान यांचा मोठा वाटा. १९८० मध्ये त्यांस हृदयविकाराचा झटका आला. रुग्णालयात पडल्या पडल्या, इतरांनी आपले सर्व करावे आणि आपला कोणास काही उपयोग नसावा, ही स्थिती त्यांस असह्य झाली, आणि तेथून या विचारास सुरुवात झाली. ज्याचा तास अमेरिकेत सर्वांत महाग विकला जातो त्या वर्गातील माणसाने, त्या तासाची किंमत अंथरुणावर शून्य होते हे अनुभवून, तो सर्वांच्या बरोबरीने मोजण्याचे ठरविले. त्यांच्याही आधी जपानात ओसाका येथे तेरुको मिझुशिमा या गृहिणीने १९७३ मध्ये श्रमपेढी सुरू केली होती. त्या विचाराची मांडणी त्यांनी १९५० मधील एका निबंधातच केली होती. रांधणे, मुले सांभाळणे, आजाऱ्यांची शुश्रूषा ही कामे राष्ट्राच्या कोणत्याही हिशेबात धरली जात नाहीत. घड्याळ मात्र ती धरते. आमच्या सभेतील वृद्ध बाईंचा प्रश्न ओसाकात पन्नास वर्षांपूर्वी कोणी हसण्यावारी नेला नाही.

येथे आपल्याकडील काही अभिमानी मंडळी म्हणतील की हे सर्व आमच्या बलुतेदारीत पूर्वीपासूनच होते. आम्हांस हा अभिमान परवडत नाही. पैशाशिवाय सेवेची देवघेव बलुतेदारीत होती हे खरे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात तिचे जे वर्णन केले आहे ते प्रत्येक सुशिक्षिताने वाचण्यासारखे आहे. बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळी असत, आणि त्याप्रमाणे धान्याचा वाटा कमीजास्त मिळे. गंमत अशी की थोरल्या ओळीत सुतार-लोहारांच्या जोडीने महारांचे नाव आहे, आणि गावचा भट धाकट्या ओळीत! कुणब्यास नांगरावाचून भागत नाही. मुहूर्तावाचून एखादे वर्ष भागते. धान्य वाटताना गरज बोलली. पण पारावर बसताना ती गप्प राहिली, आणि थोरल्या ओळीतील महाराचे घर गावकुसाबाहेरच राहिले.

महाराच्या कामास तासच नव्हता, हे त्याहून महत्त्वाचे. सरकारी टपाल पोहोचविणे, वेसकरकी, सांगावा नेणे, मेलेली जनावरे ओढणे. बोलावणे येईल तेव्हा जावयाचे, रात्र असो वा दिवस, आणि एक आजारी असला तर घरातील दुसऱ्याने. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले ते याचसाठी, की कामे ठरलेली असावीत आणि मोबदलाही ठरलेला असावा. ती हलक्या मानलेल्या गावकामाची वतने कायद्याने रद्द झाली ती पुढे १९५८ मध्ये. ज्याच्या कामास घड्याळ लावलेले नसते त्याचे सर्व आयुष्यच दुसऱ्याच्या खात्यावर पडते, हे या महाराष्ट्रास कोणी परक्याने येऊन शिकवावयास नको. समयपेढीत घड्याळ आले हीच बलुतेदारीवर सुधारणा आहे. आणि त्या घड्याळाशेजारी दरपत्रक टांगणे म्हणजे ओळी पुन्हा पाडणे आहे. फरक इतकाच की जुन्या ओळींत नांगर घडविणारा वर होता, नव्या ओळींत मृत्युपत्र तपासणारा आहे.

व्यवहाराच्या दृष्टीनेही एक अडचण आहे, आणि तिचे उत्तर आम्हांस अद्याप कोणी दिलेले नाही. आजचे पन्नाशीचे सभासद आज तास जमा करणार ते उद्याच खर्च करण्यासाठी नव्हे, तर वीस-पंचवीस वर्षांनी, स्वतःचे गुडघे थकतील तेव्हासाठी. एकास एक या मापात जमा केलेला तास तेव्हाही तासच असेल. घड्याळास महागाई ठाऊक नाही. पण दरपत्रक मधल्या काळात किती वेळा बदलेल? आज संगणकाची दुरुस्ती दोन आहे. दहा वर्षांनी ते काम यंत्रेच करू लागली तर? आज सोबत करणे एक आहे; तरुण माणसे आणखी कमी झाली आणि ते दोनवर चढले, तर ज्या बाईने आज शंभर तास सोबत केली तिच्या म्हातारपणी तिला पन्नासच तासांची सोबत मिळावयाची काय? ज्या क्षणी दर आले त्या क्षणी पेढीत सट्टा आला, आणि दर ठरविणाऱ्या समितीत भांडणे आली. गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांचा ज्यांस अनुभव आहे त्यांच्यासाठी हा मुद्दा अधिक वाढविण्याची जरूर नाही.

इतके बोलल्यावर आम्हांस दुसऱ्या बाजूसही चार शब्द ऐकविले पाहिजेत. सभा संपल्यावर समान तासाचे काही तरुण कैवारी आमच्याभोवती जमले आणि उत्साहाच्या भरात एक सूचना करू लागले. घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बायांनाही पेढीत घ्यावे, त्यांच्या तासास आपल्या तासाइतकीच किंमत द्यावी. म्हणजे खरी समता होईल. ऐकावयास हे फार मधुर आहे. पण त्या बाईने भांडी घासून मिळविलेला तास घेऊन वाण्याकडे जावयाचे काय? घरमालक भाडे तासांत घेईल काय? ज्याची पोटापाण्याची सोय रुपयांत झालेली आहे त्यानेच तासांत देवघेव करावी, हा या व्यवहाराचा पहिला नियम आहे. ज्याची झालेली नाही त्याचा तास रुपयांनीच, आणि पुरेशा रुपयांनी, फेडला पाहिजे. तिच्या मजुरीत वाढ करण्याचे टाळून तिच्या नावे वहीत तास लिहून ठेवणे ही समता नव्हे. ती काटकसर आहे. तिला आपल्या फुरसतीत, आपल्या इच्छेने, सभासद म्हणून यावयाचे असेल तर तिचे स्वागत असो. मग तिने हिशेबनीसाच्या मुलास ओव्या शिकवाव्या आणि हिशेबनीसाने तिच्या मुलास गणित. पण सकाळची भांडी हा वेगळा व्यवहार आहे, आणि तो रोखीचाच राहिला पाहिजे. समयपेढीतील समान तास बाजारातील विषम मजुरीवर उतारा आहे असे जे सांगतात, ते पेढीचे मित्र असूनही तिचे नुकसान करतात.

राहता राहिला तो आळशाचा प्रश्न. सावकाश काम करणाऱ्यास अधिक तास मिळतील, असे दरपत्रकवाले शेवटचा बाण म्हणून सांगतात. बाण बोथट आहे. काम सुरू करण्यापूर्वी साधारण किती वेळ लागेल हे दोघांनी बोलून ठरवावे; जो दर वेळी दुप्पट लावील त्यास पुढच्या खेपेस कोणी बोलावणार नाही. एका बाबतीत मात्र प्रतिपक्षाची तक्रार रास्त आहे, आणि ती दूर करणे सोपे आहे. शिक्षकाने एक तास शिकविले पण त्याची तयारी दोन तास केली, तर वहीत तीन तास लिहिले पाहिजेत. वकिलाने कागद घरी नेऊन वाचले, तो वेळ धरला पाहिजे. सोबत करणाऱ्याचा जाण्यायेण्याचा वेळही धरला पाहिजे. विद्वत्तेचे अधिक वजन म्हणून जे मागितले जाते त्यातील बराच भाग असा न मोजलेला वेळ असतो. तो अवश्य मोजावा. शिकवणीमागची तयारी मोजावी, तशी स्वयंपाकामागची निवडटिपणही मोजावी.

दरपत्रकावर मत घेण्याचे काम वेळेअभावी पुढील सभेवर टाकण्यात आले आहे. आम्ही लेखी दुरुस्ती पाठविली आहे. पेढीच्या छापील वहीत सध्या पाच रकाने आखलेले आहेत: कोणी केले, कोणासाठी केले, किती वेळ, वर्ग, आणि दराप्रमाणे तास. त्यांपैकी शेवटचे दोन खोडून वही पुन्हा छापावी, आणि छपाईचा जादा खर्च दुरुस्ती मांडणाराकडून घ्यावा.